कै. डॉ. होमी जहांगीर भाभा

आमच्या कुही तालुक्यांतील शेतकऱ्यास विजेची किंमत पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. मिरचीच्या अगर कपाशीच्या उभ्या पिकाला पाणी देण्याकरितां मध्यरात्रीं बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारा, आणि पंप सुरू होतांच वीज गेली म्हणून तेथेंच बांधावर बसून राहणारा बाप ज्या विद्यार्थ्यानें पाहिला आहे, त्यास या विषयाचें महत्त्व आम्हीं काय सांगावें? ही वीज पुष्कळशी दगडी कोळशापासून होते. आमच्या शेजारीं मौद्यास, आणि नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें, रात्रंदिवस कोळसा जळत असतो. जमिनींतील हा ठेवा कधीं ना कधीं संपणारच. तो संपण्यापूर्वीं दुसरें कांहींतरी हातीं असलें पाहिजे, हा विचार आपल्या देशांत ज्या थोड्या लोकांनीं फार लवकर केला, त्यांत डॉ. होमी भाभा यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें.

त्यांचें चरित्र यंदाच्या अंकाकरितां निवडण्यास आम्हांस दुसरेंही एक निमित्त मिळालें. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें त्यांच्या नांवानें जें संशोधन-केंद्र आहे, तेथें इ. स. २०२३ सालीं एक नवें यंत्र आपल्या योजलेल्या पूर्ण शक्तीस पोहोंचलें. हें यंत्र प्रोटॉन नांवाच्या सूक्ष्म कणांचा दाट झोत एका सरळ नळीमधून अतिशय वेगानें पळवितें. वर्तमानपत्रांत अशा वार्तेस फारशी जागा मिळत नाहीं. परंतु या यंत्राचें मूळ शोधूं गेल्यास आपण शेवटीं केंब्रिज येथील एका विद्यार्थ्याच्या खोलीपर्यंत जाऊन पोहोंचतों, आणि तो विद्यार्थी आपल्या मुंबईचा होता.

होमी यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईंत एका संपन्न पारशी कुटुंबांत झाला. आजोबा होरमसजी हे म्हैसूर संस्थानांत शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. वडील जहांगीर यांचें शिक्षण ऑक्सफर्ड येथें झालें असून ते कायद्याचे जाणकार होते. आईचें नांव मेहरबाई. आत्याही मेहरबाईच, व त्या सर दोराबजी टाटा यांस दिलेल्या. त्यामुळें देशांतील मोठमोठ्या उद्योगांच्या गोष्टी या मुलाच्या कानांवर घरींच पडत असत. लहानपणीं होमी यांस झोंप फार थोडी लागे. आईबापांस काळजी वाटून त्यांनीं युरोपांतील एका वैद्यास दाखविलें, तेव्हां मुलाच्या प्रकृतींत कांहीं दोष नसून त्याची बुद्धिच फार जागी आहे असा निर्वाळा मिळाला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. घरांत ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्य संगीताच्या तबकड्या होत्या, चित्रें होतीं. इतकी अनुकूलता आपल्या शाळेंतील मुलांपैकीं कोणाच्या वांट्यास येत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु पुढें सांगावयाची जी गोष्ट आहे ती श्रीमंताच्या व गरिबाच्या घरीं सारखीच घडते.

मुंबईच्या कॅथीड्रल शाळेंतून पंधराव्या वर्षीं ते सीनिअर केंब्रिजची परीक्षा उत्तीर्ण झाले. विलायतेस जाण्यास वय लहान, म्हणून मधलीं वर्षें एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथें काढून १९२७ सालीं ते केंब्रिज येथें गेले आणि तेथील कीज महाविद्यालयांत यंत्रशास्त्राच्या अभ्यासक्रमास बसले. हा अभ्यासक्रम त्यांच्या आवडीचा नव्हता; तो घरच्या वडीलधाऱ्यांनीं ठरविलेला होता. मुलानें अभियंता होऊन परत यावें आणि जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत मोठ्या जागेवर बसावें, असा बेत वडिलांनीं व दोराबजींनीं आंखून ठेविला होता. त्यांत अयोग्य असें कांहीं नव्हतें. देशास पोलाद हवें होतें, आणि मुलाची भाकरी निश्चित होत होती.

परंतु एका वर्षांतच होमी यांस कळून चुकलें कीं, आपलें मन यंत्रांत नाहीं, तें पदार्थविज्ञानांत आहे. केंब्रिजला त्या वेळीं त्या शास्त्रांत जें चाललें होतें त्याचा ध्वनि त्यांच्या खोलीपर्यंत येत होता. १९२८ सालीं त्यांनीं वडिलांस मोठें कळकळीचें पत्र लिहिलें. मोठा हुद्दा व मोठा पगार यांची मला इच्छा नाहीं, ज्या विषयाकडे माझा ओढा आहे त्यांतच माझ्या हातून कांहीं होईल, अशा आशयाचें तें पत्र होतें. आतां पालकांनीं येथें क्षणभर थांबून जहांगीरजींच्या जागीं आपणांस कल्पून पाहावें. एकुलता नसला तरी वडील मुलगा, समुद्रापलीकडे, खर्च चाललेला, घरची जागा तयार, आणि मुलगा म्हणतो मला हें नको! त्यांनीं रागावून पैसे बंद केले नाहींत. तसेंच मुलाच्या लहरीस मान तुकवून सगळें सोडूनही दिलें नाहीं. त्यांनीं अट घातली. हातीं घेतलेला यंत्रशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकूं नये. त्यांत पहिला वर्ग मिळवावा. मग गणिताकरितां आणखी दोन वर्षांचा खर्च मी करीन. मुलानें अट मान्य केली. जून १९३० मध्यें यंत्रशास्त्रांत पहिला वर्ग मिळविला, आणि १९३२ मध्यें गणितांतही पहिलाच वर्ग मिळविला.

या तडजोडीविषयीं आम्हांस फार आदर वाटतो. दरवर्षीं शाळान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्याकडे पालक येतात. कोणास मुलगा अभियंता हवा असतो, कोणास डॉक्टर, आणि मुलगा खालीं मान घालून उभा असतो. आपणांस काय हवें तें पुष्कळांस सांगतां येत नाहीं, कारण आपलें म्हणणें ऐकिलें जाईल अशी त्यांस आशाच नसते. दुसरीकडे असेंही दिसतें कीं, कांहीं मुलें आवडीचें नांव सांगतात आणि कष्टांतून सुटका मागतात. भाभा पितापुत्रांनीं दोन्ही गोष्टी टाळल्या. आणि गंमत अशी कीं, जें यंत्रशास्त्र होमी यांस नको होतें, तेंच पुढें मोठमोठ्या अणुभट्ट्या उभ्या करतांना त्यांच्या कामीं आलें.

१९३२ हें वर्ष विज्ञानाच्या इतिहासांत विलक्षण गणलें जातें, आणि तें मुख्यतः केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेमुळें. तेथें रदरफर्ड हे प्रमुख होते. त्या वर्षाच्या आरंभीं चॅडविक यांनीं न्यूट्रॉनचा शोध लाविला. आणि एप्रिल महिन्यांत कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन या दोघांनीं माणसानें बनविलेल्या यंत्राच्या साहाय्यानें अणूचा गर्भ प्रथमच फोडून दाखविला. यांतील अर्नेस्ट वॉल्टन हे आयर्लंडमधील एका मेथॉडिस्ट उपदेशकाचे पुत्र होते व स्वतः आयुष्यभर श्रद्धाळू ख्रिस्ती राहिले, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असावी म्हणून जातां जातां सांगतों. त्यांनीं केलें तें असें. हायड्रोजनच्या अणूचा गर्भ म्हणजेच प्रोटॉन. त्यावर धन विद्युद्भार असतो. हे प्रोटॉन एका निर्वात नळींत सोडून, कांहीं लक्ष व्होल्टच्या दाबानें खालीं ढकलून, त्यांनीं लिथियम धातूच्या तुकड्यावर आपटविले. लिथियमच्या गर्भाचे दोन तुकडे झाले आणि ते दोन्ही हेलियमचे निघाले. दगड फोडावयाचा तर घण उंचावरून खालीं यावा लागतो. येथें विजेचा दाब हीच ती उंची. गणिताच्या परीक्षेची तयारी करणारे होमी त्या वेळीं त्याच गांवांत होते, आणि लौकरच त्याच प्रयोगशाळेशीं त्यांचा संबंध जडला.

परंतु उंचीस मर्यादा असते. दाब फार वाढविला कीं ठिणगी उडते व यंत्र निकामी होतें. यावर तोडगा त्यापूर्वींच निघालेला होता. १९२८ सालीं, म्हणजे होमी यांनीं वडिलांस पत्र लिहिलें त्याच वर्षीं, रोल्फ विडरो या नॉर्वेच्या तरुण अभियंत्यानें जर्मनींतील आखेन येथें दाखवून दिलें कीं, एकच मोठा धक्का देण्याऐवजीं लहान लहान धक्के योग्य वेळीं दिले तरी काम होतें. झोक्यावर बसलेल्या मुलास आपण एकदांच जोरानें ढकलीत नाहीं. झोका परत आला कीं हलकेच हात लावितों, आणि पाहतां पाहतां तो फांदीपर्यंत जातो. विडरो यांनीं एकामागें एक अशा नळ्या ओळीनें मांडून त्यांस उलटसुलट होणारी वीज जोडली. कण एका फटींत आला कीं त्यास धक्का बसावा. विजेची दिशा उलट असेल तोंवर तो नळीच्या पोटांत सुरक्षित असावा. पुढच्या फटींत येईतों दिशा पुन्हां अनुकूल व्हावी. २५ हजार व्होल्टचाच दाब दोनदां वापरून त्यांनीं कणांस ५० हजारांची ऊर्जा दिली. हाच रेषीय त्वरक, म्हणजे सरळ रेषेंत वेग वाढविणारें यंत्र. कर्करोगाच्या रोग्यांस मोठ्या इस्पितळांत ज्या यंत्राखालीं शेक देतात, तें बहुधा याच जातीचें, फक्त त्यांत प्रोटॉनऐवजीं इलेक्ट्रॉन पळवितात.

होमी यांनीं स्वतः असें यंत्र बांधलें नाहीं. त्यांचें काम कागदपेन्सिलीचें होतें, आणि त्यांचा त्वरक आकाशांत होता. अंतराळांतून पृथ्वीवर अखंड पडणाऱ्या विश्वकिरणांत, त्या काळच्या कोणत्याही यंत्रास साधणार नाहीं इतक्या वेगाचे कण असतात. असा एक कण हवेंत शिरला कीं त्यापासून दोन, दोनांपासून चार, असा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ति भाभा व हाइटलर यांनीं १९३७ सालीं मांडली. इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचें भाभांनीं त्यापूर्वींच केलेलें गणित आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें, व त्वरकांवर काम करणारे शास्त्रज्ञ तें रोज वापरतात.

१९३९ सालीं ते सुटीकरितां घरीं आले असतां युरोपांत महायुद्ध पेटलें, आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें सर सी. व्ही. रामन यांच्या विभागांत त्यांनीं नोकरी धरली. १९४१ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षांत, रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें. आरंभीं युद्ध संपलें कीं परत जावयाचें असाच त्यांचा विचार होता. तो हळूहळू पालटला. इतरत्र ज्या सोयी आहेत त्या येथें नाहींत म्हणून निघून जावयाचें, कीं त्या येथें उत्पन्न करावयाच्या, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला. आणि १२ मार्च १९४४ रोजीं दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था काढण्याची विनंति केली. अणुशक्तीपासून वीज निघूं लागेल तेव्हां त्या कामाचे जाणकार आपणांस परदेशांतून आणावे लागूं नयेत, ते येथेंच तयार असावेत, असें त्या पत्रांत त्यांनीं सुचविलें होतें. तारखेकडे लक्ष द्यावें. हिरोशिमावर बॉम्ब पडून सामान्य जगास अणुशक्तीचें नांव कळण्यास तेव्हां जवळजवळ सतरा महिने अवकाश होता!

अशा रीतीनें १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. प्रथम बंगळुरास, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईंत पेडर रोडवरील केनिलवर्थ नांवाच्या बंगल्यांत. पुढें ती अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबांत गेली, आणि १९६२ सालीं कुलाब्याच्या टोंकास समुद्रकाठीं तिची स्वतःची इमारत उघडली गेली. १९५० नंतरच्या दशकांत तेथें कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धतीचें दहा लक्ष व्होल्टचें यंत्र बसविण्यांत आलें. केंब्रिजचा तो घण अशा रीतीनें मुंबईस आला. याच संस्थेंत भाभांच्या पश्चात् १९८८ सालीं पेलेट्रॉन नांवाचा मोठा त्वरक, व २००७ सालीं त्याच्या पुढें जोडलेला, द्रवरूप हेलियमनें थंड ठेविलेल्या पोकळ्यांचा रेषीय त्वरक सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या ऑगस्टमध्यें अणुशक्ति आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पंडित नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. १९५४ पासून ट्रॉम्बेच्या टेकडीखालीं खाडीकाठीं संशोधन-केंद्राची उभारणी झाली, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजीं अप्सरा ही भट्टी पेटली. इंधन इंग्लंडांतून आणिलेलें, परंतु भट्टी आपल्या माणसांनीं बांधलेली. सोव्हिएत रशिया सोडल्यास सर्व आशियांत ही पहिली. १९६० सालीं कॅनडाच्या साहाय्यानें सायरस भट्टी चालू झाली. अप्सरा २००९ पर्यंत व सायरस २०१० पर्यंत चालली. १९५७ सालीं ट्रॉम्बेस पदवीधरांकरितां प्रशिक्षण-विद्यालय निघालें. त्यांत प्रवेश परीक्षेनें मिळतो, घराण्यानें नव्हे. आणि आमच्या मतें हें भाभांचें सर्वांत टिकाऊ काम आहे, भट्ट्यांहूनही.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. अणुभट्टीस युरेनियम लागतें, व तें आपल्या देशांत थोडें आहे. परंतु केरळच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूंत थोरियम नांवाचें दुसरें द्रव्य विपुल आहे. अडचण एवढीच कीं थोरियम हें ओल्या लांकडासारखें आहे. तें आपण होऊन पेटत नाहीं. त्याच्या गर्भांत एक न्यूट्रॉन शिरला म्हणजे कांहीं आठवड्यांत त्याचें एका निराळ्या प्रकारच्या युरेनियममध्यें रूपांतर होतें, आणि तें मात्र उत्तम पेटतें. तेव्हां न्यूट्रॉन आणावयाचे कोठून? भाभांनीं १९५४ च्या सुमारास तीन पायऱ्यांची योजना मांडली. प्रथम साध्या युरेनियमच्या भट्ट्या; त्यांच्या राखेंतून निघणाऱ्या प्लुटोनियमवर दुसऱ्या प्रकारच्या भट्ट्या; आणि त्यांच्या बळावर शेवटीं थोरियम. चुलींत आधीं काटक्या, मग ढलप्या, मग मोठें लांकूड, असाच हा क्रम आहे.

याच सुमारास दुसरी एक वाट सुचली होती. डब्ल्यू. बी. लुईस हे केंब्रिजच्या दिवसांपासूनचे भाभांचे परिचित कॅनडांत अणुसंशोधनाचे प्रमुख झाले होते, व सायरस भट्टी आपणांस मिळण्यांत त्यांचा मोठा हात होता. १९५२ सालीं लुईस यांनीं असें सुचविलें कीं, त्वरकांतून वेगानें आलेला प्रोटॉन जड धातूवर आदळविला तर त्यांतून पुष्कळ न्यूट्रॉन उडतील, व त्यांनीं थोरियमचें इंधन करतां येईल. कल्पना अचूक होती. शंभर कोटि व्होल्टच्या ऊर्जेचा एक प्रोटॉन शिशावर आपटला असतां वीस-पंचवीस न्यूट्रॉन सुटतात. शिवाय प्रोटॉनचा झोत बंद केला कीं अणु फुटण्याची सांखळी तत्काळ मावळते, कारण तिला बाहेरचा आधार उरत नाहीं. मागें राहिलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांची उष्णता मात्र कांहीं काळ काढीत राहावी लागते. हें सांगितलें नाहीं तर अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. परंतु त्या काळीं इतका दाट झोत देणारा त्वरक कोणाजवळ नव्हता, आणि कॅनडानें आंखलेली तशा यंत्राची योजना १९६८ सालीं खर्चाच्या भारानें बंद पडली.

झोत दाट असण्यांत एवढें अवघड काय? शाळा सुटल्याची घंटा झाली कीं एक मुलगा दारांतून सहज जातो. पांचशें मुलें एकदम निघालीं तर चेंगराचेंगरी होते. येथें तर प्रत्येक प्रोटॉनवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यामुळें प्रत्येक जण शेजाऱ्यास दूर लोटीत असतो. एक मिलिअँपिअर म्हणजे विजेचा अगदीं क्षीण प्रवाह, पण तेवढ्यांतही दर सेकंदास सुमारें ६२ लक्ष अब्ज प्रोटॉन जात असतात. वेग वाढला म्हणजे हें लोटणें कमी जाणवतें; म्हणून खरी कसोटी आरंभींच, कण अजून सावकाश चालत असतांना, लागते. यावर १९७० च्या सुमारास कापचिन्स्की व तेप्ल्याकोव्ह या दोन रशियन शास्त्रज्ञांनीं उपाय शोधिला. चार बाजूंस चार धातूचीं पातीं, त्यांच्या कडा लाटांसारख्या कोरलेल्या. विजेच्या उलटसुलट दाबानें तीं पातीं कणांस दोन्ही बाजूंनीं आंत रेटतात, त्यांचे थवे करितात, आणि त्याच वेळीं पुढेंही ढकलतात. गुराखी कळपास रस्त्यावरून हांकतांना कधीं या अंगास कधीं त्या अंगास धांवतो, एकही गाय शेतांत शिरूं देत नाहीं, आणि कळप चालता ठेवितो; तेंच हें काम.

दुसरी अडचण अधिकच नाजूक आहे. पाटाचें थोडें पाणी वाटेंत झिरपलें तर शेतकरी तें चालवून घेतो. येथें तसें चालत नाहीं. झोताचा अल्पसा अंश जरी नळीच्या भिंतीस लागत राहिला, तरी ती भिंत स्वतः किरणोत्सर्गी होते व दुरुस्तीस माणूस आंत जाऊं शकत नाहीं. म्हणून लक्षावधि वॉटच्या झोतांतून दर मीटर लांबीस सुमारें एक वॉटहून अधिक गळूं नये, असा दंडक जगभर पाळिला जातो.

आरंभीं ज्याचा आम्हीं उल्लेख केला तें ट्रॉम्बेचें यंत्र या दोन्ही अडचणींशीं झुंजण्याकरितां बांधलें आहे. त्याविषयीं आणखी सांगण्यापूर्वीं भाभांचें उरलेलें चरित्र पुरें केलें पाहिजे.

ते अविवाहित राहिले. चित्रें काढीत, संगीत ऐकत, आणि इमारत बांधावयाची तर खिडकींतून काय दिसेल याचाही विचार करीत. रस्त्याच्या आड येणारें झाड तोडूं न देतां तें मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याची त्यांची रीत होती. १९६२ सालीं मुंबईचें टाटा कर्करोग इस्पितळ अणुशक्ति खात्याकडे आलें, आणि त्याच वर्षीं विक्रम साराभाई यांच्याबरोबर अंतराळ-संशोधनाची समिति निघाली. तिचें पहिलें अग्निबाण-उड्डाण थुंबा येथून १९६३ च्या नोव्हेंबरांत झालें.

त्यांचे सर्वच अंदाज खरे ठरले असें नाहीं. १९५५ सालीं जिनीव्हा येथील जागतिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं हायड्रोजनच्या मीलनापासून दोन दशकांत नियंत्रित ऊर्जा मिळेल असें भाकीत केलें. सत्तर वर्षें लोटलीं, तरी ती अद्याप घरांत आलेली नाहीं. अणुविजेचा देशांतील वांटाही अजून शंभरांत सुमारें तीनच आहे, आणि थोरियमची पायरी प्रयोगापुरतीच गांठली गेली आहे. कल्पाक्कम येथील कामिनी ही १९९६ पासूनची छोटी भट्टी तेवढी थोरियमपासून काढलेल्या इंधनावर चालते. तारापूरच्या पुढच्या भट्ट्यांकरितां अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठवावीं लागलीं. गोसीखुर्दच्या पाण्याखालीं ज्यांची शेतें गेलीं, त्या आमच्या तालुक्यांतील कुटुंबांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. आणि शस्त्राचा प्रश्न आहेच. १९६४ च्या ऑक्टोबरांत चीननें अणुस्फोट केल्यावर सुमारें आठवड्यानें भाभांनीं आकाशवाणीवरून अशा अस्त्रास खर्च किती थोडा येतो याचे आंकडे सांगितले, व त्याच भाषणांत निःशस्त्रीकरणाचीही निकड मांडली. १९७४ सालीं पोखरण येथें जो स्फोट झाला त्यास शांततेच्या अटीवर मिळालेल्या सायरस भट्टींतील प्लुटोनियम वापरलें गेलें, आणि कॅनडानें साहाय्य थांबविलें. देशाच्या संरक्षणाची काळजी वाहणें हा राज्यकर्त्यांचा धर्म आहे हें आम्हांस मान्य आहे. तथापि शेजाऱ्यावर प्रीति करावयास शिकविणाऱ्या शाळेंत उभे राहून या प्रकरणीं आम्हांस निःशंक समाधान वाटतें असें म्हणवत नाहीं.

२४ जानेवारी १९६६ रोजीं व्हिएन्ना येथील सभेस जात असतां त्यांचें एअर इंडियाचें कांचनगंगा विमान आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँ शिखरावर आदळलें. विमानांतील ११७ जणांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. भाभांचें वय छप्पन्न होतें. पुढील वर्षीं ट्रॉम्बेच्या केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें. मलबार हिलवरील त्यांचें मेहरांगीर हें घर २०१४ सालीं लिलांवांत ३७२ कोटि रुपयांस विकलें गेलें व पुढें पाडण्यांत आलें. तें राष्ट्रीय स्मारक व्हावें म्हणून ट्रॉम्बेच्या नोकरवर्गानें पुष्कळ खटपट केली होती. माँ ब्लाँच्या हिमनदींतून त्या विमानाचे अवशेष अजून मधून मधून वर येतात. २०१२ सालीं परराष्ट्र खात्याच्या टपालाची एक थैली सांपडली.

ट्रॉम्बेच्या त्या यंत्रांत प्रोटॉन प्रथम ५० हजार व्होल्टच्या ऊर्जेनें निघतात. चार पात्यांच्या नळींतून बाहेर पडतांना त्यांची ऊर्जा ३० लक्षांची झालेली असते. आणि पुढें विडरो यांच्या कल्पनेवरून सुधारलेल्या नळ्यांच्या रांगेंतून ते २ कोटींपर्यंत पोहोंचतात. २०२३ च्या ऑगस्टमध्यें गांठला तो हाच टप्पा. शिशांतून थोरियमकरितां भरपूर न्यूट्रॉन काढावयाचे तर हवेत १०० कोटि, म्हणजे याच्या पन्नासपट. आणि झोत थांबत थांबत नव्हे, तर अखंड. तेवढ्या लांब वाटेवर तांब्याच्या नळ्या विजेचा फार मोठा भाग स्वतःच उष्णतेच्या रूपानें खाऊन टाकतील. म्हणून नायोबियम धातूच्या, अतिशीत करून विजेचा विरोध जवळजवळ नाहींसा केलेल्या पोकळ्या लागतात, आणि त्या घडविण्याचें काम इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रांत व ट्रॉम्बेस चाललेलें आहे.